तिसऱ्या धारेचं मेस्काल

१९ सप्टेंबर
टर्कीची पिसं काढता काढता पाऊस आला. लाकडं भिजली. आज भट्टी नाही. पेरू, अननस, केळी चिरून तयार, दालचिनी, बडीशेपही. चिरल्यावर बोटं नाकाशी नेली — सवय! काही नाही. मार्चमधल्या तापानं ओतिलियाला नेलं, माझं नाकही नेलं. गावाला फक्त बायको गेल्याचं माहीत आहे.

२० सप्टेंबर
पाऊस.

२१ सप्टेंबर
भट्टी लागली. दोनदा गाळलेलं घायपाताचं मेस्काल तिसऱ्यांदा भांड्यात चढवलं, फळं-मसाला घातला. टर्कीची छाती दोरीनं वाफेत टांगायची. ती हुंगायची उस्तादानंच, दुसऱ्या कुणी नाही. लाकडं सारता सारता निएवेसनं विचारलं, "बाबा, मांस तीन दिवसांचं आहे. वास बघितलात ना?"
"तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."
"तोरा बघा!" हसली पोरगी.
टांगलं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. ओतिलियाला पुरतानाही असंच.

२३ सप्टेंबर
वेळूच्या नळीतून धार भोपळ्याच्या वाटीत सोडली. बुडबुडे मोत्यांसारखे, जागचे हलेनात. म्हणजे ताकद बरोबर. जीभ भाजली. मला एवढंच कळतं आता.
संत मिगेलच्या उत्सवाचे मानकरी एवारिस्तो घडे न्यायला आले. "उस्ताद, थेंबभर तरी!" म्हटलं, उस्ताद सोडून देवाच्या आधी कुणी चाखायचं नाही. "देवसुद्धा तुमच्याइतका कंजूष नसेल हो!"
हे बिघडलं तर पुढल्या वर्षी मला उस्ताद कोण म्हणणार?

२९ सप्टेंबर
संत मिगेलचा दिवस. पहिली वाटी मूर्तीपुढे. मग अंगणात सगळ्यांना. रीतीप्रमाणे सगळे आधी थेंब मातीला द्यायला वाकले. मी पुढच्या बाकावर. मागे वळून बघितलं नाही. एवारिस्तो माझ्या शेजारी. त्यांनी वाटी एका दमात रिकामी केली, मला मिठी मारली. "हात तोच, उस्ताद!" त्यांच्या डोळ्यांत पाणी.
म्हणजे जमलं. आनंद व्हायला हवा होता.

३० सप्टेंबर
सकाळी देवळाचं अंगण झाडायला गेलो. बाकांपुढे मातीत डाग. थेंबांचे नव्हेत — अख्खी वाटी ओतल्याचे. प्रत्येक जागेपुढे एक. फक्त माझ्या नि एवारिस्तोंच्या जागेपुढे नाही.
निएवेस माझ्याआधीच आली होती. पायानं माती सारून डाग बुजवत होती. मला बघून थांबली.
"बाबा, कधीपासून?"
मार्चपासून, म्हटलं.