नथूची शिंक

वैशाखरे, ता. मुरबाड
१२ मार्च १९९६

चि. नथूस राहीआक्काचे आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळं बरं आहे, तुझं तू कळव.

तिसरीपर्यंत शिकले तेवढ्यात लिहिते, अक्षराला हसू नको. रविवारी दुपारी तुझा सिनेमा टीव्हीला लागला. वाल्मिक मास्तरांच्या पडवीत सगळी आळी जमली. तू दोनदा दिसलास. एकदा चहा घेऊन आलास, एकदा थोबाडीत खाल्लीस. झालं. म्हशाच्या जत्रेत ज्याच्यापायी माणसं पोट धरून लोळायची, तो सोंगाड्या तोंडात मिठाची गुळणी धरून उभा! यासाठी तमाशा सोडलास होय रे?

आयचे डोळे आता पुरते गेले, तुला ठाऊक आहे. ती टीव्हीपुढं कान देऊन बसली होती. आमी ओरडलो, नथू आला, नथू आला. तू तोंडच उघडलं नायस, तिला काय ऐकू येणार, कप्पाळ? घरी येऊन म्हणाली की तुमी सगळे मला फसवता. पोरगा मुंबईत कुणाची तरी भांडी घासतो आणि होळीला येऊन थापा मारतो. आता तिनं फडमालक म्हादूला निरोप धाडलाय की नथूला परत घ्या. तो तयारच आहे.

तू निघालास तेव्हा उंबऱ्यावर शिंक झाली होती. आयनं तुला बसवलं, पाणी पाजलं, तरी गेलासच. अपशकुन तो अपशकुन. आता एक तरी शब्द बोल, नायतर गुमान परत ये.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला बसू नको. पत्र धाड.
राही


मुंबई
२ एप्रिल १९९६

ती. राहीआक्कास नथूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून गाल चोळला. आक्का, थोबाडीत खायचं काम मला झकास जमतं, म्हणून सारखं तेच देतात. पण परत नाय येत. म्हादूदादाला थोडं थांबायला सांग. नव्या सिनेमात पाटलाचा गडी आहे मी, आणि अकरा वाक्यं आहेत! आयला सांग, बोटं मोजून ऐक.

आयच्या पायांवर डोकं. तुझा राग आहे तसाच राहू दे, त्याशिवाय करमत नाय.
नथू


वैशाखरे
१४ डिसेंबर १९९७

चि. नथूस आशीर्वाद. वि. वि.

तोंड काळं कर. तुझा अकरा वाक्यांचा सिनेमा टीव्हीला लागला, आयला मी मोठ्या मिजाशीत नेलं. पहिल्याच वाक्याला ती उठली. म्हणाली, हा कोण पांढरपेशा बोलतोय? तोंड तुझं आणि आवाज परक्याचा! मास्तर सांगतात की आवाज मागाहून भरतात. का, तुझं बोलणं गावठी वाटलं त्यांना? आता आय पडवीत पाय ठेवत नाय. यंदाच्या म्हशाला तुला फडात उभा करीनच म्हणते. म्हादूला पुन्हा निरोप गेलाय.

मला अक्कल कमी, पण ऐक. बोलू देत नसतील तर शिंक. फडात राजा लढाईला निघाला की तू शिंकायचास आणि तो पुन्हा बूड टेकायचा. सात सात वेळा. तुझी ती लांबलचक शिंक दुसऱ्या कुणाच्या नाकातून निघणार आहे?

विचार कर. केलास तर माया, नाय केलास तर चप्पल.
राही


मुंबई
५ जून १९९८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. नव्या सिनेमात मी पुन्हा गडीच. शेटजी पोरीचं लग्न ठरवायला निघतात तिथं मी न विचारता शिंकलो. शेटजी झालेले नट जुने, फडातूनच वर आलेले. ते मुकाट खाली बसले. सगळे हसले. दिग्दर्शक आधी तापले, मग म्हणाले, अजून दोनदा कर.

पुढं गंमत. आवाज भरायला आलेल्या माणसाला शिंक जमेना. शेवटी मलाच बोलावलं. दुपारभर शिंकून नाक सोललं. मग साहेब म्हणाले, आलाच आहेस तर वाक्यंही तूच बोल.

आयला काही सांगू नको. नुसती नेऊन बसव.
नथू


वैशाखरे
२१ मे २०००

चि. नथूस राहीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सिनेमा आज लागला. आयला ओढतच नेली. भिंतीकडं तोंड करून बसली. शेटजी वहाणा घालून निघाले आणि तू शिंकलास. तिनं मान वळवली. दुसऱ्या शिंकेला टीव्हीतल्या शेटजीलाच म्हणाली की बस आता, पाणी पी. तिसरीला पदर तोंडात कोंबून हसायला लागली, अख्खी पडवी तिच्याकडं बघून हसली. मग तुझा आवाज आला. तुझं प्रत्येक वाक्य तिनं सगळ्यांना पुन्हा म्हणून दाखवलं, पुढचं कुणाला ऐकूच दिलं नाय.

घरी आल्यावर म्हणाली, म्हादूला कळव, दुसरा सोंगाड्या बघ.

मला राहवेना. तू निघालास तेव्हा उंबऱ्यावर शिंकले ती मी. मुद्दाम. तुझ्याकडूनच शिकले होते, तुला अडवायला केली. सात वर्षं पोटात ठेवलं, आज आयला सांगून टाकलं. वाटलं, काठी घालील. ती म्हणाली की तिला तेव्हाच कळलं होतं, खोटी आहे म्हणून. पण त्या निमित्तानं पोरगा पाणी पिऊन घटकाभर टेकेल, म्हणून गप्प बसली.

होळीला येशील तेव्हा दारातच शिंक. मी मागून शिंकणार नाय.
राही