केबलच्या भोकातला भुंगा

३ मार्च, मंगळवार

नापास! लागोपाठ दुसऱ्यांदा नापास!

आमचा कॉम्प्युटर दवाखान्यात रुग्णांच्या यंत्रांशेजारी ठेवायचा आहे. चालू कॉम्प्युटर सतत लहरी सोडतो, आणि त्या बाहेर पडल्या की शेजारची यंत्रं बिथरतात. म्हणून त्याला पत्र्याच्या पेटीत कोंडायचं. पेटी भक्कम आहे. पण केबल आत-बाहेर जायला भोक हवंच ना! लहरी नेमक्या तिथूनच, केबलला धरून, बाहेर सटकतात. तपासणी केंद्रातले गृहस्थ पडद्यावरचा आलेख बघून म्हणाले, "पेटी कसली, चाळण आहे ही." भोकाची रचना माझी!

मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांचा तोडगा: "केबल काढून तपासा की!"

"मग कॉम्प्युटर चालू कसा करायचा?" गृहस्थांनी विचारलं.

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. आमची कंपनी ही अशी चालते.

संध्याकाळी दमूनभागून घरी आले, कामाला बसले, तर आई म्हणते, "तू घरी आलीस की माझ्या कानात भुंगा शिरतो." वा! हेच ऐकायचं राहिलं होतं!

४ मार्च

दादाचा फोन. घरात टेबल मावेल असा एकच कोपरा आहे, तो आईच्या खोलीत. तिथेच पेटीचा पहिला नमुना मांडून मी काम करते. हात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आईने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं आणि ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. मशीन काढलं की तिला ढोल वाजवले तरी कळत नाही. मोकळेपणी बोलता आलं.

भुंग्याचं सांगितलं. दादा म्हणाला, "वय झालं तिचं. आता भास सुरू. मी ते निवासस्थान बघून आलो. डॉक्टर आहेत, बाग आहे. वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं त्याला, त्यांना राग येतो."

त्यांना राग येतो!

मी म्हणाले, बघू. एवढंच. नाही म्हणायला हवं होतं का? पण दिवसभर ती घरात एकटी, मी त्या पत्र्याच्या मागे. आणि त्यात हा भुंगा. थकले मी.

६ मार्च

आज 'भोक समिती' स्थापन झाली. खरंच. साहेब अध्यक्ष. भोक लहान करावं असं एक मत, मोठं करावं असं दुसरं, आणि जाहिरात विभागाचं तिसरं मत असं की त्याला भोक म्हणू नये. 'जोडणीद्वार' म्हणावं! टाळ्या.

मी उठून सांगितलं, भोकाचा आकार हा प्रश्नच नाही. केबलच्या आवरणाखाली तांब्याची बारीक जाळी असते. ती जाळी भोकापाशी चहूबाजूंनी पेटीच्या पत्र्याला चिकटायला हवी, म्हणजे केबलवरून पळणाऱ्या लहरी पत्र्यातच जिरतात. त्यासाठी मी धातूची कडी बसवली आहे. केबलला गच्च आवळते. कडी बरोबर आहे. कडी चुकलेली नाही!

"मग नापास का?" साहेबांनी विचारलं.

पेटीचं रूप ठरवणारे आमचे सौंदर्यसम्राट मान डोलवत म्हणाले, "दिसायला तरी पास आहे ना?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस पेटीवरून हात असा फिरवतो, जसं काही तिला आत्ताच न्हाऊमाखू घातलंय!

८ मार्च

आई म्हणे, "तू त्या डब्यासमोर बसलीस की जास्त."

मी म्हटलं, "म्हणजे माझं कामच डोळ्यांत खुपतं तुझ्या! सरळ सांग ना."

"डोळ्यांत नाही गं, कानात," ती म्हणाली. आणि हसली. मला नाही आलं हसू.

९ मार्च

दादाचा फोन. निवासस्थानातली एक खोली रिकामी होतेय. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. फोन वाजला तसं आईने मशीन काढून ठेवलं. भुंगा फारच छळत असणार. दादाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बघ! आता तर मशीनही टाकून दिलं. उद्या रस्त्यात मागून गाडी आली तर? तुझ्या जिवाला घोर, माझ्या जिवाला घोर."

माझ्याकडे जागा असती तर मी तिला ठेवून घेतलं असतं, असंही म्हणाला. त्याच्या घरात चार खोल्या आहेत. भांडायला जोर उरायला हवा ना!

रविवारी हो म्हणायचं. ठरवलं. आईला कसं सांगायचं ते ठरवलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

सापडलं!!

आज पुन्हा तपासणी केंद्र. पेटी पुन्हा नापास. माझे डोळे भरून आले. गृहस्थांना दया आली असावी. त्यांनी खिशातून छोटासा रेडिओ काढला आणि पेटीभोवती फिरवला. पत्र्यापाशी चिडीचूप. भोकापाशी नेला तर गुंईंई! केबलला धरून पुढे पुढे नेला तर तसंच गुंईंई, टेबलाच्या टोकापर्यंत.

"ऐका तुमचा भुंगा," ते म्हणाले.

भुंगा! आईचाच शब्द. पण आधी पेटी. जोड लागला की वाजणाऱ्या मीटरचं एक टोक कडीवर टेकवलं, दुसरं पत्र्यावर. मीटर मुका! कडी पत्र्याला लागलेलीच नव्हती. मध्ये रंग! सौंदर्यसम्राटांनी कडी बसते ती जागासुद्धा छान जाडजूड रंगवून घेतली होती. मी आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं, इथे रंग नको. त्यांना फोन केला तर म्हणतात, "उघडा पत्रा दरिद्री दिसतो हो! आणि कडीखाली कोण बघणार?"

कोणी बघणार नाही, म्हणूनच तिथे नको होता ना! दोन आठवडे एक अख्खी कंपनी रंगाच्या थरापुढे हतबल. आणि मीही शहाणी! गच्च आवळलंय, म्हणजे लागलंयच असं धरून बसले. रंग खरवडला, कडी बसवली, मीटर बोलला. पुन्हा तपासलं. पास.

साहेबांनी समितीचं जाहीर अभिनंदन केलं. सौंदर्यसम्राटांचं विशेष.

तडक घरी. टेबलावरचा नमुना — त्याच्याही कडीखाली तोच रंग. त्याची केबल कॉम्प्युटरच्या पडद्याकडे जाते ती आईच्या उशाजवळून. मी घरी येते, तो चालू करते, आणि भुंगा येतो. तिने अगदी बरोबर सांगितलं होतं. शब्द न शब्द! बाहेर सटकणाऱ्या लहरी हुडकायला मला रेडिओ लागला. आईचं मशीन रोज तेच सांगत होतं, आणि मी तिच्यावर डाफरत होते. लाज वाटली. खूप.

१३ मार्च

स्वयंपाकघरातली सुरी घेऊन भोकाभोवतीचा रंग खरवडला. आई बघत होती. "सुरी गेली कामातून," म्हणाली. कडी आवळली, मीटर लावून बघितलं, कॉम्प्युटर चालू केला, आणि तिला म्हटलं, घाल मशीन.

तिने घातलं. मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिली.

"गेला?"

"गेला," ती म्हणाली. खूश दिसली नाही. माझा मात्र जीव भांड्यात पडला. दादाला लगेच कळवलं, भास नव्हते, आई ठणठणीत आहे. तो म्हणाला, "बरंच झालं की. पण खोलीचं काय? रविवारी बोलू."

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी फोन वाजला. दादाचं नाव. आईचा हात सवयीने कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. फोन वाजतच राहिला.

"भुंगा एवढा काही मोठा नव्हता गं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलायला लागलात की मशीन काढायला निमित्त व्हायचं. आता काय सांगून काढू?"