शेवटचा हात माझा

प्रिय ठमे,

बाबाचं पत्र आलं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला, असंच म्हणशील. म्हण. चारदा फोन हातात घेतला आणि चारही वेळा जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आई सांगत होती, त्या मोठ्या वर्कशॉपनं नाही म्हटल्यापासून तू दुसरीकडे विचारतसुद्धा नाहीस. मावशीच्या दुकानात कापडाच्या घड्या घालत बसतेस आणि आपल्याला हे काम येतच नाही, असं म्हणतेस. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा वळसा घालून येतो. सरळ यायची हिंमत नाही.

नर्सबाईंची राखाडी गाडी तू कशी विसरशील? वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. मी बसल्या जागेवरून फर्मान सोडलं, चाकं बॅलन्स करून टाक. तू ऐकलं नाहीस. बाईंना शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर फेरी मारून आलीस आणि म्हणालीस, ब्रेक न दाबता गाडी अगदी सुरळीत चालते, म्हणजे बॅलन्सिंगचा संबंध नाही. स्टिअरिंग हलतं म्हणजे दोष पुढच्या चाकांत, आणि पॅडल पायाला उलट ढकलतं म्हणजे ब्रेकच्या डिस्क सगळीकडे सारख्या जाडीच्या राहिलेल्या नाहीत. शंभर टक्के बरोबर होतं. मी नुसतं हं म्हटलं, कौतुकाचा एक शब्द तोंडातून फुटला नाही. तू नव्या डिस्क, नवे पॅड घातलेस. डिस्क जिथे टेकते तिथला गंज तारेच्या ब्रशनं घासून काढलास. चाकाचे नट तुझ्या त्या टॉर्क पान्यानं आवळलेस, आधी एक, मग त्याच्या समोरचा, ठरलेला जोर भरला की पाना ‘कट्’ असा वाजतो, तिथपर्यंतच. त्या पान्याला मी खेळणं म्हणायचो.

आणि जाताना बजावलंस, बाबा, यावर तुमची नळी लावू नका. मी मान डोलावली. तू हात धुवायला गेलीस आणि मी पान्याला लांब नळी अडकवून सगळे नट पुन्हा आवळले, अंगाचा भार टाकून. तीस वर्षांचा नेम आहे. आपल्या गॅरेजातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर शेवटचा हात माझा, हे मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आलो. लेकीच्या एका वाक्यासाठी तो मोडायचा, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

तीन महिन्यांनी बाई तीच थरथर घेऊन परत आल्या. बाकावर चार माणसं बसली होती. मी पापणीही न लववता म्हणालो, मुलीनं केलं होतं, हात अजून कच्चा आहे तिचा. तू दुसऱ्या गाडीखालून बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस, नळीकडे बघितलंस आणि फडक्याला हात पुसत राहिलीस. तुला कळलं होतं. तरी त्या माणसांसमोर तू मला उघडं पाडलं नाहीस. पंधरा दिवसांत तू मावशीकडे निघून गेलीस आणि मी गावभर सांगत सुटलो की हल्लीच्या मुलांना बोललेलं सोसत नाही.

मग ती गाडी मीच केली. पुन्हा नव्या डिस्क, सगळं माझ्या हातानं, आणि शेवटी नळी. गेल्या महिन्यात बाई पुन्हा दारात. या वेळी खापर फोडायला कुणी नव्हतं. डिस्क सरळ फिरते की डुलते ते दाखवणारं, तुझ्या खणातलं ते काट्याचं मापयंत्र काढलं, आतल्या बाजूनं डिस्कला टेकवलं आणि चाक फिरवलं. काटा डुलायला लागला. नट सैल करून तुझ्या पान्यानं आवळले, तर काटा जवळजवळ गप्प. नळीनं आवळले, पुन्हा डुलला. मी किती हट्टी आहे ते तुला माहीत आहे, तीनदा करून पाहिलं. नट कमीजास्त आवळले गेले की डिस्क किंचित वाकडी बसते, मग पॅडला लागून ठरावीक जागी झिजत जाते आणि दोन-तीन महिन्यांनी गाडी थरथरते. किती गाड्या मी अशा छाती फुगवून बिघडवल्या असतील, कुणास ठाऊक. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शेवटी आणखी नव्या डिस्क घातल्या, तुझ्या पान्यानं आवळलं आणि नळी भिंतीलाच राहू दिली. हात नुसते शिवशिवत होते. बाईंना खरं ते सांगितलं, कान तापले माझे. त्या रागावल्या नाहीत. मुलीला हे सांगितलंत का, एवढंच त्यांनी विचारलं.

पण एवढ्यासाठीच हे पत्र असतं तर मी फोनवरही कसंबसं बोललो असतो. ठमे, तू त्या वर्कशॉपमध्ये कामाची परीक्षा दिलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकांचा मला फोन आला होता. तुझ्या कामावर ते खूश होते, फक्त तू आधी माझ्याकडे होतीस म्हणून रीतसर विचारत होते. नर्सबाईंची गाडी तेव्हा माझ्या डोक्यात ताजी होती. मी म्हणालो, पोरगी कष्टाळू आहे, पण ब्रेकचं काम तिच्यावर सोडू नका. ते बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. काल त्यांच्याकडे जाऊन, उभ्या उभ्या, सगळं कबूल करून आलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ती जागा आता भरली आहे. आईला हे अजून माहीत नाही, आधी तुला कळायला हवं होतं. तू त्या परीक्षेत कुठेही कमी पडली नव्हतीस. तुला नापास केलं ते मी.

तुझाच, तोंड दाखवायला कचरणारा,
बाबा