वर्दीतला फ्लेक्स

॥ श्री ॥
ताडकळस, २ जानेवारी २०२५

चि. योगीराज यास अ. उ. आ.

तिकडं फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. तुझी सुट्टी वीस फेब्रुवारीपासून मंजूर झाल्याचं कळलं आणि तुझ्या आईनं लाडवांचे डबे घासून ठेवले.

सकाळची परभणीची एसटी गाडी बंद झाल्यापासून तुझ्या बहिणीचं, अर्पिताचं कॉलेज बुडायलंय. गावातल्या पंचवीस पोरींची तीच गत. म्हणून तू आल्यावर, बावीस फेब्रुवारीला ग्रामपंचायतीच्या अंगणात सभा ठेवलीय. तू वर्दीत उभा राहून बोलायचंस. आमचं कुणी ऐकत नाही, फौजीचं ऐकतील. मी गावाला शब्द दिलाय. तुझ्या वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्सही छापून आलाय. मिशी लय झोकात दिसते.

घरची आठवण ठेव.
तुझा दादा

छावणी, १४ जानेवारी २०२५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

गाडी सुरू व्हायलाच हवी; पण मला माईकपुढं उभं करू नका. नोकरीत असताना वर्दी घालून सरकारी अंगणात सभा घेणं आम्हाला मना आहे. नोकरीवर बेतेल. आणि नियम नसता, तरी मी नाहीच म्हटलं असतं. आज मी एसटी मागेन, उद्या कुणी फौजी उभा करून मतं मागेल. वर्दीपुढं लोकांना नाही म्हणता येत नाही, दादा.

तुमचा शब्द माझ्यामुळं खाली पडतोय, याचं लय वाईट वाटतं. फ्लेक्स तेवढा उतरवा. रागवा, पण राग आईच्या लाडवांवर काढू नका.

ही एक गोष्ट सोडून आपला आज्ञाधारक,
योगीराज

ताडकळस, ४ फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तुझ्या आईनं मात्र गुमान फ्लेक्स उतरवला आणि पालथा घालून त्यावर तूर वाळत टाकली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी मान खाली घालून बसलोय हे बघून तुझी आई उठली. जन्मात चारचौघांत न बोललेली बाई! आमच्या लेकाला बोलायची मनाई हाय, आमाला न्हाई, असं म्हणाली आणि सरळ माईक धरला. पोरींनी शिकायचं का चुली फुकायच्या, ते आत्ताच सांगा म्हणाली. ठराव झाला. तो घेऊन पोरींसोबत एसटीच्या साहेबाकडं ती स्वतः गेली. कालपासून गाडी सुरू झाली! अर्पिता पहिल्या सीटवर बसून गेली.

तू नाही म्हणालास ते बरंच केलंस बाळा. तू बोलला असतास, तर ही कधीच बोलली नसती.

तीच गाडी संध्याकाळी परभणीहून परत येते, तिनंच ये. कंडक्टरनं कुणाचा म्हणून विचारलं, तर माझा, किशनरावचा सांगू नको, तुझ्या आईचा, चतुराबाईचा सांग. मलाही आता तसंच ओळखतात.

आमची माया आहेच, लवकर ये.
तुझा दादा