इथलं इथेच

२ फेब्रुवारी
आले एकदाची! दोन खोल्या, उतारावरची तीन एकर बाग, पुस्तकांनी गच्च कपाट. वर्षभर झाडं राखायची नि दुपारी वाचायचं. आणखी काय हवं? लेक म्हणाली, आई, माती खायला चाललीस का? तिचे दिवस ऑगस्टअखेर भरतात. तेव्हा जवळ असेन, असा शब्द दिलाय. मोबाइलला रेंज नाही. फोन भिंतीपलीकडे, मालकांच्या खोलीत. त्यांना सगळे गांडूळकाका म्हणतात आणि ते त्यावर खूश असतात. नियम एकच : इथलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. सालं, पाचोळा, विंचरलेले केससुद्धा खताच्या ढिगात.

१९ एप्रिल
वेलींना मांडव घातला. तुतीखाली मातीवरचं जाडजूड पुस्तक वाचतेय, रोज दोनच पानं. आधीच्या राखणदारीण बाईंनी समासात पेन्सिलीने टिपा लिहिल्यात. अक्षर माझ्यासारखंच तिरकं. सोबत झाली.

६ जून
काटेरी कुंपण छाटलं. काकांच्या सांगण्यावरून फांद्या फाटकाच्या वाटेवर अंथरल्या. म्हणाले, तण येणार नाही.

२८ जुलै
फांद्यांनी मूळ धरलंय. वाट छातीएवढ्या काट्यांनी बुजली. कोयता मागितला, तर काका हसले. वाढत्या रोपाला कोण हात लावतं, ताई?
आज पान दोनशे सोळा. समासात फक्त : छाटलेलं वाटेवर टाकू नका.
जूनमध्ये मी एकशे बाराव्या पानावर होते.

१४ ऑगस्ट
खत चाळताना चष्म्याची दांडी सापडली. मग दोन दात. काका शांतपणे म्हणाले, तेवढंच जिरायला वेळ लागतो. सहा महिने इथलंच खाताय, आता तुम्हीही इथल्याच.

२६ ऑगस्ट
लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप काकांनीच सांगितला. फोन देईनात. भाजीची सुरी घेऊन कुंपणात शिरले. पुढचं कापावं तर मागचं मिटतं— जेमतेम परत फिरले. हात सोलवटलेत.

दुपार
काका ढिगात खड्डा उकरतायत. लांब. माझ्या उंचीएवढा.
येणाऱ्या बाईसाठी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं. समासात नाही. पहिल्याच—

फोन वाजतोय. फावडं टाकून ते आत गेले. भिंतीतून ऐकू येतंय. नात झाली, वा! म्हणतायत. मी ओरडतेय, भिंत बडवतेय— ते आवाज चढवून सांगतायत, काळजी करू नका, आई इथे अगदी रुजल्यात.