ताई म्हणाली, तू जा

४ नोव्हें., बुध.
कबड्डीच्या जिल्हा संघाची निवड रविवारी, कात्रजला. खडकीच्या आमच्या क्लबातून दोघींनाच बोलावलंय, ताईला आणि मला. पण आईच्या मांडीचं हाड मोडल्यापासून एकीला घरी थांबावंच लागतं. पप्पांची रविवारीही फॅक्टरीत ड्यूटी. ताई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू जा." मी म्हटलं, "बरं."
बस्स. अगं, चहाच्या कपालासुद्धा आपण एकदा "नको नको" म्हणतो!

५, गुरु.
सराव. ताई डावा कोपरा. चढाईवालीच्या पायाशी आधी ती अंग टाकते, मग बाकीच्या पकडतात. टाळ्या त्यांना.
नंतर वारज्याची सविता गावच्या जत्रेचं सांगत बसली. बोकड देवाला द्यायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडतात. "आंग झाडलं की समजायचं, त्याची ना न्हाई." मी म्हटलं, "पाणी पडल्यावर झाडणारच की ते!" सगळ्या हसल्या. मला एकदम ताईचं "तू जा" आठवलं. हसूच गेलं माझं.

८, रवि.
माझी निवड झाली. ताईची नी-कॅप घालून खेळले. बसमध्ये रडू आलं, आनंदाचं नव्हतं.
संध्याकाळी विहारात मावशी सगळ्यांसमोर, "मोठीने केवढा त्याग केला गं!" भन्तेजी एवढंच म्हणाले, राजीखुशीने दिलं तरच ते दान. मी चपला शोधत राहिले.
घरी ताईला मावशीचं बोलणं सांगितलं, तर म्हणाली, "त्याग कसला? एकीला थांबायचं होतं. तू 'बरं' म्हणालीस, विषय संपला." आणि डाळीला फोडणी घातली.

१०, मंगळ.
जिल्हा संघाच्या सरांचा फोन. संघातल्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीचा घोटा गेलाय. "शुक्रवारी शिबिराला ताईलाही घेऊन ये. जागा तिचीच समज."
दोघी गेलो तर आईला कोण उठवणार? मी थांबले तर माझी जागा जाणार. "विचारते, सर," म्हटलं.
ताई समोरच, आईचे केस विंचरत. "कुणाचा गं?"
"सरांचा. शिबिराची वेळ सांगायला."
किती सहज आलं तोंडातून! शी. लाज वाटते स्वतःची. रोज तिच्या हातचं जेवते मी.

१२, गुरु.
सकाळी सरांचा मेसेज, ताई येतेय ना? उत्तर दिलं नाही. उद्या सातला निघायचं. एकदा सांगायचं म्हणून तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले, मीठ मागून परत आले.
आत्ता ताई माझी बॅग भरतेय. मोजे, टॉवेल, शेंगदाण्याचे लाडू.
"आणखी काही राहिलंय का गं?" दोनदा विचारलं तिने.