आखूड बाह्या

सहावा महिना, दिवस सातवा

वेढा घालून बसलेल्या नारुसेचा निरोप्या दरवाजाबाहेरून ओरडून गेला. ऐकून कानठळ्याच बसल्या! "किल्लेदार हिसाकागेने आमच्यासमोर पोट फाडून घ्यावं. मग वेढा उठवतो. शिबंदी, बायकापोरं, सगळी सुखरूप बाहेर." एवढंच. फक्त मी!

कुणी माझ्याकडे बघेना. घोडे खाऊन संपलेत, आज पोरांना कोंडा उकडून दिला. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण हात थरथरले. माझे हात!

तादामिची तेवढा भडकला. धाकटा भाऊ माझा, जन्मात तलवार धड धरली नाही. "दादा, त्यांनी तुमचं तोंड तरी कधी पाहिलंय? शिरस्त्राणाची शिंगं तेवढी पाहिलीत!"

"मग काय, शिंगं पाठवू? गप बस, भित्र्या."

दिवस आठवा

ओफुमीने मरणाचा पांढरा पोशाख शिवला. घालून बघतो तर काय, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर! "एवढा संसार झाला, नवऱ्याचं माप येत नाही तुला?" ओरडलोच. बायको घडी घालत बसली. मरतानाही हसं होणार माझं!

दिवस नववा

उद्या.

संध्याकाळी तादामिचीने उरलीसुरली साके मला पाजली. स्वतः ओठही ओले केले नाहीत. मुळ्याचं लोणचं मात्र एकट्याने फस्त केलं — खादाड! "वहिनींच्या हातचं लोणचं परत कुठलं मिळायला?" अरे, मरतोय कोण? हसलो दोघंही. रिकाम्या पोटी चढतेय फार. डोळे मिटताहेत.

दिवस दहावा

उठलो तर ऊन डोक्यावर! पोशाख नाही. शिरस्त्राण नाही. तादामिची नाही. धावलो — दारात ओफुमी आडवी आली. "झालं सगळं. सकाळीच."

काय झालं? काय झालं!

म्हाताऱ्या गेन्बाने सांगितलं. माझा जुना सरदार, रीतीप्रमाणे शेवटी मान त्यानेच उडवली. तादामिची शिंगं मिरवत दरवाजाबाहेर गेला, माझं नाव खणखणीत घेतलं, बसला, पोट फाडलं. हात जरासुद्धा हलला नाही म्हणे. नारुसेने मुंडकं धुवून समोर ठेवलं, वाकून नमस्कार केला. "किल्लेदार शोभला," म्हणाला.

बाह्या त्याच्याच मापाच्या होत्या. ओफुमीला ठाऊक होतं. गेन्बाला ठाऊक होतं. मलाच नाही!

"मी जातो. सांगतो त्यांना, मी जिवंत आहे!"

ओफुमीने पाय धरले. "जा. मग दगा केला म्हणून सगळ्यांची मुंडकी उडतील. जा, घालवा भावजींचं मरण फुकट!"

खाली पोरांना भात वाढताहेत. नारुसेचा भात. वास इथवर येतोय.

भित्रा म्हणालो मी त्याला.

दिवस अकरावा

गड सोडला. ओफुमीने विधवेसारखे केस उतरवलेत. दरवाजात नारुसेच्या पहारेकऱ्याने मला अडवलं. "हा कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझे धाकटे दीर." मग मला — "चला ना, भावजी."

"आलो, वहिनी," म्हटलं.